सासूच्या घरात सापडलेला तांब्या

१९७३ च्या मे महिन्यात, आष्ट्यापासून जवळच्या एका गावाच्या हद्दीत, कृष्णेच्या डोहात बुडालेल्या नावेतून पितळेचा एक फिरकीचा तांब्या वर काढण्यात आला. नाव साधारण साठ वर्षांपूर्वी, ऐन पुरात बुडाली होती. तांब्या काढणाऱ्यांपैकी कोणालाही या कामाचा पगार मिळत नव्हता.

मी त्या वेळी साताऱ्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. दुष्काळी कामांच्या बातम्या गोळा करत वाळवा तालुक्यात फिरत होतो. लिहिलेलं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं आणि त्याने ते साताऱ्याच्या स्टँडवर आमच्या शिपायाच्या हाती ठेवायचं, अशी तेव्हा पद्धत होती. नदीतल्या कामाचं मला त्या कंडक्टरनेच सांगितलं.

"आवं, खडीच्या बातम्या किती दिवस देताय? तिकडं कालिजातलं मास्तर नदीच्या तळाला बाज टाकून बसल्यात. बगून तरी या."

मला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो तेव्हा बाज खरोखरच तळाशी होती.

कॉलेजातले मास्तर म्हणजे सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारे प्राध्यापक. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या जहाजांचा अभ्यास परदेशात कसा करतात, हे त्यांनी वाचलं होतं. आपल्याकडे समुद्र दूर. पण त्या उन्हाळ्यात नदी इतकी उतरली की डोहात मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याला नावेचं टोक लागलं. प्राध्यापकांच्या कानावर हे गेलं. त्यांनी कॉलेजच्या फळ्यावर आणि आष्ट्याच्या चहाच्या दुकानात एकच मजकूर लावला: चांगलं पोहणारे हवेत, पैसे मिळणार नाहीत.

चौघे आले. मी गेलो तेव्हा तेच चौघे होते आणि शेवटपर्यंत तेच राहिले.

पहिले साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार. फौजेत ते नद्यांवर पूल टाकणाऱ्या पलटणीत होते. पाण्याखालचं काम त्यांना नवं नव्हतं. दुसरा आष्ट्याचा टेलर, अंगाने काटकुळा, पण श्वास सर्वांत लांब त्याचा. तिसरा नदीच्या अलीकडच्या गावचा पैलवान. चौथा म्हसवडकडचा मेंढपाळ. चाऱ्यासाठी तो मेंढरं घेऊन नदीकाठी उतरला होता. त्याला पोहता येत नव्हतं. चहाच्या दुकानातला मजकूर त्याला कोणीतरी वाचून दाखवला, तेव्हा त्याने फक्त शेवटचं ऐकलं असावं, असं टेलर म्हणायचा.

"पैसं न्हाई म्हनल्यावर ह्यो आला. ह्येला वाटलं, आपन पैसं द्यायचं न्हाईत."

"तू पान्यात जा रं," मेंढपाळ म्हणायचा, "बुडालास तर वडायला कोन तरी कोरडं मानूस पायजे का न्हाई?"

ऑक्सिजनची नळकांडी, काचेचे चष्मे, रबरी पोशाख यांतलं काही नव्हतं. डोहात दोन पुरुष पाणी होतं. बुडी मारणाऱ्याने अंगाला तेल चोळायचं, कानात तेलात भिजवलेला कापूस घालायचा आणि फुटक्या जात्याची तळी पोटाशी धरून खाली जायचं. जात्याला दोर बांधलेला असे. तळाशी गेल्यावर जातं सोडून काम करायचं आणि दोराने वर यायचं. दोराला एक हिसका दिला तर सगळं ठीक, दोन दिले तर ओढा. दोर सुभेदारांच्या हातात असायचा. एक जण खाली, एक दोरावर, एक विसाव्याला. हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही. प्राध्यापकांनी एकदा उत्साहाच्या भरात पाठोपाठ दुसरी बुडी मारायची म्हटली, तेव्हा सुभेदारांनी त्यांना हात धरून वाळूवर बसवलं.

"सायेब, तुमी कालिजात सायेब. हितं नंबर आला की जायचं."

प्राध्यापक बसले.

बाजेचा उपयोग असा होता. सापडलेली वस्तू नावेच्या कोणत्या भागात होती, हे कळल्याशिवाय तिला अर्थ नाही, असं प्राध्यापकांचं म्हणणं. त्यासाठी तळावर चौकोन आखायला हवे होते. पैलवानाने घरची मोडकी बाज आणली. तिचं जुनं विणकाम काढून सुंभाच्या दोऱ्या उभ्या-आडव्या ताणल्या, म्हणजे हात जाईल एवढे चौकोन तयार झाले. बाजेच्या पायांना धोंडे बांधून ती नावेच्या मागच्या निम्म्या भागावर बसवली. त्यांनी ती बसवली तेव्हा मी नव्हतो. नंतर एकदा तिचा पाय गाळात सरकला. ती पुन्हा जागेवर आणायला पैलवान आणि टेलर आळीपाळीने खाली जात होते. संध्याकाळी दोघांचे डोळे लाल झाले होते आणि दोघेही एकमेकाला तूच बाज तिरकी केलीस म्हणून बोलत होते.

चौकोनांना अंक दिले होते, ते चालले नाहीत. धाप लागलेला माणूस वर येऊन अंक चुकवायचा. मग चौकोनाला आपल्याकडे घर म्हणतातच, तर घरांना नाती लावू, असं मेंढपाळाने सुचवलं. मामाचं घर, आत्याचं घर, मावशीचं घर, चुलत्याचं घर. अगदी मागच्या कोपऱ्यात नावेचे गंजलेले खिळे वर आले होते आणि तिथे हात घातला की रक्त निघायचं. त्या घराला सासूचं घर असं नाव पडलं. नाती कोणी चुकवली नाहीत. काठावर वाळूत मेंढपाळाने हीच घरं आखली होती. वर आलेली वस्तू ज्या घरची असेल त्या घरात, ओल्या घोंगडीवर ठेवायची. बुडी मारणारा पाण्याबाहेर तोंड काढी आणि पहिला शब्द घराचा उच्चारी. श्वास त्यानंतर.

"मावशी!" म्हणून टेलर वर यायचा आणि हातात वल्ह्याचा तुकडा असायचा.

अनेक वर्षं मी सभा, निवडणुका आणि अपघात पाहिले. इतक्या शिस्तीने चाललेलं काम मी क्वचित पाहिलं आहे.

लाकडाचे तुकडे वाळले की तडकतात, म्हणून घोंगड्या सारख्या ओल्या ठेवाव्या लागत. ते काम मेंढपाळाकडे होतं. खडी फोडायच्या कामावरून परतणाऱ्या बाया काठावर थांबून बघत. त्यांतली एक म्हणाली, "आमाला प्यायला पानी न्हाई, आनि ह्यो लाकडाला पाजतोय."

"नदीचं नदीलाच पाजतोय, बाय," मेंढपाळ म्हणाला. "तुजी घागर हिकडं आन, तुलाबी भरून देतो." त्याने ती भरून दिली. मग रोज चार-पाच घागरी यायला लागल्या आणि बोलणी थांबली.

या सगळ्यात एका व्यक्तीचं मन गुंतलेलं होतं. तिला सगळे आक्का म्हणत. वय सत्तरीच्या आसपास. वैधव्य आल्यानंतर ती अलीकडच्या गावी माहेरी राहायला आली होती आणि भाच्यांकडे असायची. नाव बुडाली तेव्हा ती परकरी पोर होती. तिची थोरली बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली होती. त्या पावसाळ्यात ती माहेरी यायला निघाली आणि पोचली नाही. सासरच्यांनी सांगितलं, आम्ही तिला नावेत बसवून दिली, नाव बुडाली. त्या नावेतले काही लोक वाचले, काहींची प्रेतं खाली सापडली. तिचं प्रेत मिळालं नाही. वाचलेल्यांपैकी कोणी ती नावेत होती म्हणे, कोणी नव्हती म्हणे. आक्काच्या वडिलांनी सासरच्यांवर विश्वास ठेवला नाही. पोरीला त्यांनीच घरात मारली आणि नावेचं निमित्त केलं, असं ते मरेपर्यंत म्हणत राहिले. दोन घरांत तेव्हापासून येणं-जाणं नाही.

काम सुरू झालं त्या दिवशीच आक्का काठावर आली होती आणि तिने प्राध्यापकांना विचारलं होतं, असं मला सुभेदारांनी सांगितलं. मी असताना ती पुन्हा आली. प्रश्न तोच होता.

"माजी भन नावंत हुती का न्हवती, एवढं सांगा. दुसरं मला काय नगं."

प्राध्यापकांनी उत्तर जपून दिलं. "आक्का, नावेचं सांगता येईल. माणसाचं सांगता येईल असं मला वाटत नाही. एवढ्या वर्षांनी पाण्यात माणसाचं काही राहत नाही."

"मग उगं कशाला बुडताय?" ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर तांब्या सापडला. पैलवान खाली होता. तो वर आला तो "सासू!" म्हणत, आणि त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. मागच्या फळीखाली, खिळ्यांच्या मध्ये अडकलेला फिरकीचा तांब्या त्याने सोडवून आणला होता. प्रवासात पाणी न्यायचा, फिरकीचं झाकण असलेला, बाया माहेरी-सासरी जाताना जवळ ठेवतात तसला. झाकण घट्ट बसलेलं होतं. पितळ काळंहिरवं पडलं होतं. पोटावर टिंबं ठोकून काढलेली अक्षरं होती. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात तशी.

पैलवान वाळूने घासायला बसला होता, प्राध्यापकांनी हात धरला. घासायचं नाही हा नियम होता. अक्षरं डोळ्यांनी दिसत नव्हती, पण अंगठा फिरवला की कळत होती. पैलवानाने अंगठा फिरवून ती वाचली. देणाऱ्याचं नाव होतं आणि गाव पैलवानाचंच होतं. ते आक्काच्या वडिलांचं नाव होतं.

त्याच संध्याकाळी टेलर आष्ट्याला दुकानाकडे गेला. बाजाराचा दिवस होता. चहाच्या दुकानात त्याला विचारलं, आज काय गावलं. तो म्हणाला, आक्काच्या भनीचा तांब्या गावला. कुठं गावला. सासूच्या घरात.

टेलरचं वाक्य खरं होतं. नदीवरच्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नसतं. दुकानातल्या लोकांना बाजेची घरं माहीत नव्हती. बाजारातून गावात जाईपर्यंत त्या वाक्याला बाकीचे शब्द चिकटले: माळ्यावर होता, पोत्यात गुंडाळलेला होता, पोलीस येणार आहेत. आक्काला कळलं ते एवढंच की बहिणीचा फिरकीचा तांब्या तिच्या सासूच्या घरात सापडला. प्रवासाला निघालेली बाई तांब्या घरी ठेवून निघत नाही. म्हणजे ती घरातून निघालीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का दोन भाच्यांना घेऊन पलीकडे गेली. इतक्या वर्षांत तिने त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. बहिणीच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं आणि तो केव्हाच वारला होता. घरात आता त्याचा पुतण्या कर्ता होता, पन्नाशीचा, उसाचा बागायतदार. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. त्या पुतण्याने नंतर मला सांगितलं ते असं.

"म्हातारी दारात हुबी ऱ्हायली. म्हनली, तांब्या काडा. म्या म्हनलं, कसला तांब्या? म्हनली, सासूच्या घरात गावला त्यो. आता तिच्या भनीची सासू म्हंजी माजी आज्जी, ती मरून लय वर्सं झाली. म्या म्हनलं, आवं, तिच्या घराला आता छप्परबी न्हाई, तिथं वैरन भरतो आमी."

तो म्हणाला, भाचे अंगावर आले होते, गल्ली गोळा झाली होती. मग कोणीतरी म्हटलं, तांब्या नदीवर आहे. सगळे नदीवर आले.

मी काठावर होतो. आक्का पुढे, तिच्यामागे भाचे, त्यांच्यामागे पुतण्या आणि दोन्ही गावांतले लोक. काय घोटाळा झाला ते सगळ्यांत आधी टेलरच्या लक्षात आलं. त्याने कपाळाला हात लावला. पुढे येऊन तो वाळूत आखलेली घरं दाखवू लागला. हे मामाचं, हे आत्याचं, हे सासूचं. म्हणजे खरंखुरं घर नव्हे, आक्का, बाजेतलं.

आक्काने वाळूकडे पाहिलं. "वाळूत कुनीबी रेघा मारंल," ती म्हणाली. "आनि तुला काल पलीकडच्यांनी किती च्या पाजला?"

भाच्यांपैकी एकाने पुतण्याची बाही धरली. पैलवान मध्ये उभा राहिला.

निर्णय प्राध्यापकांनी घेतला. त्यांनी सुभेदारांना बाज वर घ्यायला सांगितलं. तिच्या जागेवरच सगळी मापं अवलंबून होती, हे मला माहीत होतं. ती हलली की मागचा सगळा मेळ जाणार होता. सुभेदारांनी एकदा विचारलं, "पुन्ना तशीच बसंल ह्याची खात्री न्हाई, सायेब."

"माहीत आहे," प्राध्यापक म्हणाले. "घ्या वर."

पैलवान आणि टेलर आळीपाळीने खाली गेले, धोंडे सोडले आणि बाज वर आली. गाळ गळत होता, सुंभ फुगलेलं होतं. ती वाळूवर आखलेल्या घरांवरच ठेवली. सुंभाची घरं रेघांच्या घरांवर बसली. कोपऱ्यातल्या घराच्या सुंभाला गंजाचे तांबडे डाग होते.

आक्का खाली बसली. एकेका घरात हात घालून ती विचारत गेली, हे कुनाचं, हे कुनाचं. मेंढपाळ सांगत गेला. कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली.

"ह्येला सासूचं घर कुनी म्हनलं?"

"म्या," मेंढपाळ म्हणाला. "हात घातला की रगात निगतं. दुसरं काय म्हनायचं?"

आक्काने सुंभावरच्या तांबड्या डागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बराबर म्हनलास." मागे कोणीतरी हसलं. नंतर बरेच जण हसले. भाच्याने बाही सोडली.

मग तिने तांब्या मागितला. प्राध्यापकांनी ओल्या फडक्यातून तो तिच्या हातात दिला. तिने तांब्याच्या पोटावर अंगठा फिरवला. तिला अक्षरओळख नव्हती. पैलवानाने तिचा अंगठा धरून एकेका टिंबावरून नेला आणि नाव उच्चारलं. तांब्या हलवला तेव्हा आत पाणी किंवा पातळ गाळ असल्यासारखा आवाज झाला. एक भाचा फिरकी उघडायला पुढे झाला. आक्काने तांब्या बाजूला घेतला. प्राध्यापकही उघडू नका म्हणणार होते, पण तशी वेळ आली नाही.

"नावंत बाया कुठं बसायच्या?" तिने पुतण्याला विचारलं. त्या दिवशी ती त्याच्याशी पहिल्यांदाच साधं बोलली.

"मागल्या फळीवर. अजूनबी तितंच बसत्यात."

ती प्राध्यापकांकडे वळली. त्यांना कशाचं उत्तर द्यायचं आहे हे सगळ्यांना कळत होतं. त्यांनी उत्तर दिलं ते मी तेव्हाच लिहून घेतलं. ते म्हणाले, "आक्का, तांब्या नावेच्या मागच्या फळीखाली, खिळ्यांत अडकलेला होता. तो नंतर वाहत येऊन बसला असं दिसत नाही. मी एवढंच सांगू शकतो. तुमची बहीण नावेत होती असं मी सांगू शकत नाही."

"तुमी नगा सांगू," आक्का म्हणाली. "तांब्या एकला नावंत बसत न्हाई."

प्राध्यापकांनी आपल्या कागदावर हे वाक्य घेतलं. त्यापुढे कंसात "नातेवाइकांचे म्हणणे" असं लिहिलं. मी माझ्या बातमीत तसंच दिलं.

तांब्या कोणाचा, यावर थोडं बोलणं झालं. पुतण्या म्हणाला, "तुमच्या वडलांनी दिल्याला, तुमीच न्या." आक्का म्हणाली, दिलेली वस्तू माहेरचे परत नेत नाहीत. मग तो फडक्यात गुंडाळून इतर वस्तूंबरोबर कॉलेजात गेला.

बाज त्या दिवशी पुन्हा खाली सोडली. ती पूर्वीच्या जागेवर बसली नाही. स्वयंसेवकांनी नावेच्या मागच्या भागाची मापं पहिल्यापासून घेतली. कोणी तक्रार केली नाही. टेलरला मात्र त्यानंतर आष्ट्याच्या दुकानात काही सांगायची बंदी होती. तो दुकानात फक्त "गावलं" किंवा "न्हाई गावलं" एवढंच बोले. कुठं, असं विचारलं की चहा संपवून उठे.

जूनमध्ये पाणी वाढलं आणि काम थांबलं. नाव वर काढली नाही. ती काढून टिकवायची सोय नाही, म्हणून ती गाळातच राहू द्यावी, असं प्राध्यापकांनी ठरवलं. लाकडाचे जे तुकडे वर आले होते तेही पुन्हा डोहात सोडले. मेंढपाळ मेंढरं घेऊन म्हसवडकडे परतला. जाताना त्याने एक घोंगडी पैलवानाकडे ठेवली. ती कुजली होती. सुभेदार साताऱ्याला आले. पुढच्या काळात ते कधी स्टँडवर भेटले की बाजेचं बोलत, पण आधी आसपास कोण आहे ते बघत.

त्या वर्षी भाद्रपदात, अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायकांच्या तिथीला, पलीकडच्या घरी बुडालेल्या सुनेच्या नावाने पान वाढलं. तसं ते दरवर्षी वाढत आले होते. यंदा आक्काला निरोप गेला. ती नावेने पलीकडे गेली, तिथे जेवली आणि संध्याकाळी परत आली. ही माहिती मी त्या घरच्या पुतण्याकडून घेतली आणि नंतर पैलवानाकडून तिची खात्री करून घेतली. तो त्या दिवशी नावेत होता.